ओल्या भिंतीवरचा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो. माझ्या वर्गाची सकाळ नेहमी सारखीच उजाडत असे. शिपाईमामा खिडक्या उघडत, रात्रभरात बाकांवर पडलेला चुन्याचा भुगा झटकत आणि छताकडे न पाहता निघून जात. मग बाई येत. ओल्या फडक्याने मला पुसत, वाळेपर्यंत थांबत आणि उजव्या कोपऱ्यात तारीख घालत. तो कोपरा ओलीने फुगला होता. तारीख तिथे वाकडीच उमटे.

सुताराने जाड फळ्या जोडून मला घडवले, तेव्हा माझा काळा रंग असा तुकतुकीत होता की मुले माझ्यात तोंड पाहत. दर सुट्टीत मला रंगाचा नवा हात मिळे. पुढे तो थांबला. मग गच्चीवर पाण्याची टाकी आली आणि माझ्या पाठीमागची भिंत पाणी पिऊ लागली. ती पोट काढते आहे, हे फक्त मला जाणवत होते. पण मला कुठे बोलता येते? माझ्यावर जे लिहिले जाईल, तेवढेच माझे बोलणे.

बाई इंग्रजी शिकवत. उदाहरणे पुस्तकातली घ्यायची नाहीत, वर्गात दिसेल त्याचीच घ्यायची, ही त्यांची पद्धत. त्या दिवशी 'मस्ट', 'मे', 'शुड' यांच्यानंतर 'बी' आणि मुख्य क्रियापद कसे जोडायचे, हा धडा होता. बाईंनी वर पाहिले आणि लिहिले, 'द टँक मस्ट बी लीकिंग.' टाकी गळत असणार. त्याखाली लिहिले, 'द वॉल शुड बी रिपेअर्ड.' भिंत दुरुस्त केली जायला हवी.

"पहिल्यात गळणं आत्ता चालू आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यात काम व्हायचं आहे. कुणी करायचं, ते सांगितलेलं नाही."

"आमच्या घरासारखंच, बाई!" मागच्या बाकावरची चिमणी नावाची मुलगी म्हणाली. "'भांडी घासली गेली पाहिजेत' म्हणते आई, आणि बघते माझ्याकडे."

वर्ग खो खो हसला. बाईंनी तिसरे वाक्य लिहिले, 'द सीलिंग मे बी सिंकिंग.' छत खचत असेल. मुलांनी माना खाली घालून तेही वळणदार अक्षरात उतरवले.

एवढ्यात मुख्याध्यापक फेरीवर आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचले. "वा, बाई! अगदी रोजच्या जगण्यातली उदाहरणं."

"सर, ती उदाहरणं नाहीत," बाई दाराशी जाऊन हळूच म्हणाल्या. "जरा वर बघा ना."

सरांनी पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. "मला दिसत नाही का, बाई? पण दुसरी खोली आणू कुठून? वर कळवलंय. परीक्षा होऊ द्या, सुट्टीत करून घेऊ. तोवर पोरांना घाबरवू नका."

सर दुष्ट नव्हते. ते फक्त वाट पाहत होते, आणि भिंतीला वाट पाहता येत नव्हती. ते गेले आणि मला धरून ठेवणारा एक खिळा, कुणी हात न लावता, भिंतीतून सुटून खाली पडला.

कुणी हसले नाही. बाईंनी माझ्या शेजारी भिंतीवर तळहात टेकला. भिंतीचे पोट आता त्यांनाही जाणवले.

मित्रांनो, मला रंग द्या, असे मी मागत नाही. समोरचे वाक्य उतरवून घेताना एकदा मान वर करून ते कशाविषयी आहे तेवढे पाहा. मोठ्यांनाही पाहायला सांगा.

"दप्तरं भरा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आजपासून आपला वर्ग अंगणात."

"सर रागावतील, बाई," चिमणी कुजबुजली.

"त्यांच्याशी मी बोलेन. बाक ओढू नका. दाराजवळची रांग आधी."

मुले पाय न वाजवता एकामागून एक बाहेर पडली. सर्वांत शेवटी बाई. मला न पुसता त्यांनी दार लोटले. कुलूप लागल्याचा आवाज आला. नंतर ते नीट लागले की नाही, हे ओढून पाहिल्याचा.