अंकिताच्या शेजारी

कापड्याहून दोन गाड्या बदलून स्नेहलबाई बिरवाडीच्या शाळेत पोचायच्या, तेव्हाच त्यांचे पाय भरून आलेले असायचे. त्यांच्या चौथीच्या वर्गात निम्मी मुलं गावातल्या शेतकऱ्यांची, निम्मी कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीयांची. गलका तर विचारू नका. त्यात अंकिता आणि शेजारची खुशबू यांची कुजबुज थांबायचीच नाही. एका दुपारी बाईंचं डोकं उठलं. त्यांनी खुशबूला उचलून मागच्या कोपऱ्यात बसवलं.

खुशबू गप्प झाली. पण तिची वहीही कोरी राहू लागली. बाईंनी अंकिताला विचारलं, "काय बोलायचात गं तुम्ही?"

"बाई, तुमी सांगता ते मी तिला हिंदीत सांगायची. तिला मराठी कलत नाय."

बाईंच्या आत्ता लक्षात आलं. इतके महिने खुशबूला शिकवत होती ती ही एवढीशी पोर. त्यांनी खुशबूला परत जागेवर आणलं.

पुढच्याच आठवड्यात अंकिताचे वडील, अनिल, दारात उभे. "बाई, पोर शिकाया पाठवलीय का शिकवाया? चाचणीचा निम्मा पेपर कोरा हाय तिचा!"

बाईंनी पेपर पाहिला. खरंच होतं. वाद घालायचं त्राणही नव्हतं.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ते काम माझं आहे. मी करते."

दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक गोष्ट दोनदा सांगू लागल्या. हिंदी मोडकीतोडकी, घसा दुपारीच बसायचा, अभ्यासक्रम मागे पडत चालला.

"पानी गरम किया तो उसका वाफ होता है."

"भाप, मॅडम," खुशबू हळूच म्हणाली. वर्ग खदखदून हसला. बाईंनी फळ्यावर 'वाफ'खाली 'भाप' लिहिलं.

कोपऱ्यात बसणारा एक ओडिया मुलगा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याला यातलं काहीच कळत नसावं. ओडिया कुठून आणायची? बाईंना नको नको झालं. तरी खडू ठेवून त्यांनी घशासाठी आणलेली गरम पाण्याची बाटली उघडली, वर येणाऱ्या वाफेकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

त्याने वाफेवर हात धरला. मग पुटपुटला, "बाम्फ."

"बाम्फ!" अंकिता ओरडली. "बाई, आपल्यासारखंच हाय!"

बाईंनी तोही शब्द फळ्यावर लिहिला. तेवढ्यात घंटा झाली. अर्धा धडा राहिला होता, आणि गाडी गाठायची होती.