काहिलीखालची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. जुनी म्हटलं की लगेच नाक मुरडू नका. उसाचा रस आटवून गूळ करायची मोठी लोखंडी कढई म्हणजे काहील. आता माझ्यात म्हशी पाणी पितात आणि वर शेपट्या मारतात. पण एके काळी आभाळातून आलेल्या एका कणाचं वजन माझ्याशिवाय होत नव्हतं.

भोरच्या लोहारानं पत्रे जोडून मला घडवलं. त्यानं एवढे घाव घातले की पुढं चुलवाणाच्या जाळाचं मला काही वाटलंच नाही. सारोळ्याला, नीरेच्या काठी, सोजराबाईंच्या गुऱ्हाळावर मी उभं आयुष्य काढलं. बाई विधवा, पण दबकून राहणाऱ्यातल्या नव्हत्या. गुळव्यानं रस जरा जास्त आटवला की त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. मला मात्र त्या स्वतःच्या हातानं पुसायच्या. भोरच्या बाजारात आमच्या ढेपेला गिऱ्हाईक थांबून राहायचं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरंच थांबायचं.

त्यांचा मुलगा सावळाराम पुण्याच्या कॉलेजात शास्त्र शिकला आणि तिथंच कामाला लागला. महायुद्धाचे दिवस होते. पाडव्याच्या सुमाराला गुऱ्हाळ बंद झालं आणि तो आईकडे मला मागायला आला. कॉलेजात गूळ करणार का, म्हणून आईनं त्याला आधी सोलून काढलं. मग तो समजावू लागला. चुलीशेजारी पडल्या पडल्या मीही ऐकलं.

आभाळातून बारीक बारीक कणांची सर सारखी पडत असते. छपरातून, माणसातून, सगळ्यातून ती आरपार जाते आणि कुणाला कळत नाही. त्या कणांत एक नवाच सापडला होता. इलेक्ट्रॉनपेक्षा जड, प्रोटॉनपेक्षा हलका. शास्त्रज्ञ त्याला तेव्हा मेसोट्रॉन म्हणत. पण तो नेमका किती जड, हे पक्कं ठरत नव्हतं. तागडीत घालायला तो हाती कुठं लागतो? म्हणून मसाला लावलेल्या काचा काळोख्या पेटीत बंद करून उंच डोंगरावर ठेवायच्या. कण काचेतून गेला की त्याच्या वाटेवर ठिपके उमटतात. औषधात धुतल्यावर ते सूक्ष्मदर्शकातून दिसतात. ठिपके दाट की विरळ, वाट सरळ की वाकडी, यावरून वजन काढायचं. एक पेटी नुसत्या छपराखाली आणि दुसरी हातभर पाण्याखाली ठेवायची. पाण्यानं कणाचा वेग किती मोडतो, ते दोन्हींच्या फरकावरून कळतं. ते पाणी धरायला मी हवी होते.

सोजराबाईंनी मला दिली, पण अट घातली. दिवाळीआधी काहील परत चुलवाणावर दिसली पाहिजे.

मग बैलगाडीतून मी नसरापूरवरून वेल्ह्याला गेले आणि तिथून माणसांच्या खांद्यांवर उपडी होऊन तोरण्याच्या अंगाच्या एका धनगरवाड्यावर. लांबून माणसं दिसत नव्हती, नुसते पाय. गुरं राखणाऱ्या पोरी म्हणाल्या, मोठं कासव चाललंय. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

वाड्यावर कोंडिबा आणि त्याची बायको ठकुबाई राहत. गोठ्याशेजारच्या छपराखाली दगडाचा कट्टा करून मला त्यावर बसवलं, माझ्या पोटाखालच्या पोकळीत एक पेटी सरकवली आणि दुसरी पलीकडं नुसत्या छपराखाली ठेवली. सावळारामनं ठकुबाईला बजावलं की पाणी या खुणेखाली उतरू द्यायचं नाही आणि पेटी उघडायची नाही. उजेडाची तिरीप लागली तरी काचा काळ्या पडतील, आणि युद्धामुळं विलायतेहून नव्या काचा येणं बंद झालंय. म्हणजे होतं ते एवढंच. वाया गेलं तर पुन्हा नाही.

ठकुबाईनं सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा झऱ्याचं पाणी आणून मला खुणेला ठेवलं. स्वतःच्या गुरांआधी माझं बघायची. जाळावर जन्म गेलेल्या मला गार पाण्याचं सुख तिनं दिलं. रात्रंदिवस माझ्यातून कण जात होते आणि मला एवढीशी गुदगुलीसुद्धा होत नव्हती.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी कोयता, कुऱ्हाड, नांगर, सगळी हत्यारं धुऊन पुजतात आणि दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. ठकुबाईनं मला उपसून कोरडं केलं. चिंच आणि राख लावून घासलं. पेटीवरून ओला हात फिरवला. दोघींना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि सुट्टी दिली. दसऱ्याला दिवे लागायच्या वेळी तिनं मला पुन्हा खुणेपर्यंत भरलं. मित्रांनो, त्या दिवशी मी किती सुखात होते म्हणून सांगू.

दिवाळी तोंडावर आली. सावळाराम पेट्या न्यायला आला, बरोबर त्याचे थोरले प्रोफेसर. आणि काहील कुणी बदलू नये म्हणून सोजराबाई जातीनं डोंगर चढून आल्या. पेट्या बाहेर काढल्यावर सावळाराम ठकुबाईचे आभार मानू लागला, तशी ती पदर सावरून म्हणाली, "दादा, नवमीला म्या हिला रिकामी केली व्हती. दसऱ्याच्या सांजंला भरली."

सावळाराम बोटांवर दिवस मोजू लागला. पाण्याच्या हिशोबात भोक पडलं होतं. पेटी उघडली होती का, असं त्यानं विचारलं.

"पोटुशी बाईची वटी भरत्यात," ठकुबाई म्हणाली, "पोट उघडून बगत्यात व्हय?"

प्रोफेसर वाईट नव्हते, पण चिंतेत पडले. पेटी उघडली असली तर काचा धुतल्यावर दिसेल, असं ते म्हणाले. पण पाणी किती वेळ नव्हतं, हे काच सांगणार नाही. ते नुसतं या बाईंच्या तोंडून कळलंय. नवमी म्हणतात, आधीही कधी उपसलं असेल तर? एवढं मोठं माप अशा आधारावर जगापुढं कसं मांडायचं? पाण्याखालची पेटी बाजूलाच ठेवावी, हे त्यांचं मत पडलं. ती बाजूला गेली म्हणजे दुसरीची तुलनाच संपली. सावळारामनं ठकुबाईकडं रागानं पाहिलं. ठकुबाई खाली बघत राहिली.

सोजराबाई पुढं झाल्या. आधी त्यांनी मुलाला फैलावर घेतलं. कॉलेजात जाऊन घरची नवमी विसरलास आणि दोष हिला? तुझ्या बापाचा नांगर कधी नवमीला चालला होता? मग प्रोफेसरांकडं वळून त्या म्हणाल्या, "सायेब, ही गप बसली असती तर तुमाला कुणी सांगायचं व्हतं? न सांगता भागत असताना जी सांगती, तिचा सबुद खोटा धरला, तर खरा कुनाचा धरनार?"

प्रोफेसरांना ते पटलं. मग त्यांनी ठकुबाईला बसायला सांगितलं आणि पाणी कधी उपसलं, कधी भरलं, ते शांतपणे विचारून घेतलं. तेवढा वेळ हिशोबातून वजा करायचं ठरलं.

काचा पुण्याला धुतल्या. एकही काळी पडली नव्हती. सावळारामनं गुऱ्हाळावर येऊन आईला सांगितलं, तेव्हा माझ्यात रस खदखदत होता. कणाचं वजन इलेक्ट्रॉनच्या दोनशेपटीच्या आसपास निघालं होतं. छापलेल्या लेखात पाणी काही काळ का नव्हतं, ते कारणासकट लिहिलं होतं, आणि शेवटी ठकुबाईचे आभार होते. माझा उल्लेख 'लोखंडी पात्र' एवढाच. असू दे. शिकलेल्या माणसांना काहील लिहायला जड जात असेल. माझ्या पत्र्याची जाडी मात्र त्यांनी मोजून हिशोबात धरली होती, म्हणजे आभाळातल्या कणाला माझी दखल घ्यावी लागली होती.

पुढं माझा तळ झिजला आणि मला गोठ्यात आणून टाकलं. माझी तक्रार नाही. गूळ सगळ्यांनी खाल्ला, माप सगळ्यांनी वापरलं, पण मी दमले असेन असं एकट्या ठकुबाईला वाटलं. तिचे उपकार मी गंजून माती झाले तरी फिटायचे नाहीत.

म्हणून मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूला वरचेवर घासा, पुसा, वर्षातून एक दिवस तिला निजू द्या. फक्त तिला हात लावण्याआधी तिच्या पोटाखाली काय चाललंय ते विचारून घ्या. आणि विचारायचं राहून गेलंच, तर ठकुबाईसारखं सांगून मोकळे व्हा.