आवाज आला की बोट वर

ऐकणं ही साधना आहे. ऐकणारा माणूस आधी रिता होतो, आणि रित्या माणसातच जग उतरतं. हे वचन कानाच्या डॉक्टरांनी स्वतः रचून, सुबक अक्षरांत लिहवून घेऊन दवाखान्यात लावलं होतं. त्याच्याखाली दुसरी पाटी होती : 'काडी, पिन, किल्ली कानात घालू नये.' ही दुसरी पाटी वाचून पेशंट ओशाळत आणि हात खिशात घालत. पहिली पाटी आजवर कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं.

डॉक्टरांची साधना चालायची मागच्या खोलीत. तिथे कपाटाहून थोडी मोठी, आतून जाड फोम लावलेली एक काचेची पेटी होती. पेशंटनं आत बसायचं, हेडफोन चढवायचे, आणि डॉक्टर बाहेरून बटणं दाबतील तसे आवाज ऐकायचे. कधी 'टूं', कधी 'टिक्', कधी एखादा डास निरोप घेऊन निघाल्यासारखं काहीतरी. नियम एकच : आवाज आला की बोट वर. उजव्या कानात आला तर उजव्या हाताचं, डाव्या कानात आला तर डाव्या हाताचं. आवाज थांबला की बोट खाली. दर काही महिन्यांनी ही तपासणी व्हायची, त्यामुळे जुने पेशंट त्यात तयार झाले होते. शाळेत ज्यांनी जन्मात कधी हात वर केला नव्हता, ती माणसं साठीनंतर त्या पेटीत बसून अशा ईर्ष्येनं बोट वर करायची, की काहींचं आवाजाच्या आधीच जायचं.

डॉक्टरांची मुलगी संगीतकार होती. म्हणजे दोघांचा धंदा कानांशीच, पण बिनसलं होतं तेही त्यावरूनच. मुलीनं आधी रीतसर शास्त्रीय संगीताची पदवी घेतली. घरच्यांना वाटलं, आता गाईल. ती गायली नाही. तिनं वायरी आणल्या. मग बटणांचे डबे आणले, आणि एक दिवस तिच्या खोलीतून असा आवाज आला की आईनं धावत जाऊन मेन स्विच बंद केला. ती तिची रचना क्रमांक एक होती.

दोन वर्षांपूर्वी रचना क्रमांक सातच्या वेळी डॉक्टर पहिल्यांदा मुलीच्या मैफलीला गेले. पाचच मिनिटांत त्यांच्या तज्ज्ञ कानाला डाव्या स्पीकरमध्ये घरघर जाणवली. मुलीची अब्रू वाचवायची म्हणून ते वाकून वाकून साऊंडवाल्यापर्यंत गेले आणि त्यांनी डावा स्पीकर बंद करवला. घरघर म्हणजेच रचना होती. उजव्या स्पीकरमध्ये त्या रात्री काहीच नव्हतं. उरलेला अर्धा तास मुलगी मंचावर हात चालवत राहिली आणि श्रोते गंभीरपणे काहीही न ऐकता बसून राहिले. शेवटी टाळ्या बऱ्या पडल्या, त्याचाच तिला जास्त राग आला.

तेव्हापासून ती घरी यायची, जेवायची, आईशी तासन् तास बोलायची. बाबांशी मात्र हवापाण्याचं. "उकडतंय ना?" "हो, उकडतंय." संगीताचा विषय निघाला की ती पाणी प्यायला उठायची. डॉक्टर काचेआडून माणसं बघण्यात मुरलेले असल्यामुळे त्यांना हे नीट दिसत होतं आणि खुपत होतं.

आणि एका संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, रविवारी सकाळी रचना क्रमांक नऊ आहे, या. डॉक्टरांनी घाईघाईनं आधीच कौतुक करायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर करून थांबवलं.

"बाबा, एकच अट. झाल्यावर मला त्यातली एक गोष्ट सांगायची, खरंच आवडलेली. 'छान होतं' चालणार नाही. 'वेगळं होतं' तर मुळीच नाही. आणि तुम्ही खोटं बोललात की तुमचे कान लाल होतात, हे विसरू नका."

म्हणजे परीक्षा होती. ती पाणी प्यायला उठली नाही, हे मात्र डॉक्टरांनी लक्षात ठेवलं.

ती गेल्यावर तिच्या आईकडून त्यांना आणखी एक गोष्ट कळली. गेल्या खेपेला सभागृहात फक्त सात माणसं होती, त्यांतली तीन पावसामुळे आत आलेली. यंदाही तेच झालं तर सभागृहवाले मुलीला पुन्हा जागा देणार नव्हते. डॉक्टर विचारात पडले. मागे धुलाईयंत्र काम संपल्याचं पिऊ पिऊ करून सांगत होतं. ते बायकोनंच उठून बंद केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की नवऱ्याला घरातले ठरावीक आवाज ऐकू येत नाहीत, हे तिनं केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

"अहो, बाहेर बाकांवर रोज एवढी माणसं बसवून ठेवता," ती म्हणाली, "त्यांना रविवारी तिथे नेऊन बसवा."

आठवडाभर डॉक्टरांनी येईल त्या पेशंटला आमंत्रण दिलं. ते खोटं काहीच बोलले नाहीत. रविवारी अकराला सभागृहात या, म्हणाले. निरनिराळे आवाज ऐकवणार आहेत. कानातलं मशीन घालून या, बॅटरी नवी टाका. मन लावून ऐका, माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. आता ज्या माणसानं आपल्याला वर्षानुवर्षं मन लावून आवाज ऐकायला सांगितलं, तो हे सगळं सांगतो तेव्हा पेशंट काय समजणार? ते जे समजायचं तेच समजले. यंदाची तपासणी पेटीत न होता सभागृहात होणार. पेशंट वाढले असतील.

रविवारी सभागृह भरलं. मागच्या रांगांत नेहमीचे रसिक होते : डोळे मिटून बसणारे, हनुवटी तळव्यावर ठेवणारे, आणि एका वर्तमानपत्राचे समीक्षक, ज्यांना आवडलेलं आणि न आवडलेलं कळायला वाचकांना दोनदा वाचावं लागे. पुढच्या रांगांत पेशंट, ठेवणीतले कपडे घालून. निवृत्त मुख्याध्यापिका बाई मधोमध. त्यांच्या शेजारी सुतारकाका, ज्यांचे कान करवतीनं खाल्ले होते आणि जे गेल्या तपासणीत बाईंपेक्षा कमी पडल्याचं शल्य अजून उरात बाळगून होते. दुसऱ्या रांगेत कडेला डॉक्टर आणि त्यांची बायको.

दारात वाटलेल्या कागदावर छापलं होतं : 'ही रचना श्रोत्याला काही देत नाही, श्रोता तिला काय देतो हे ती पाहते.' सुतारकाकांनी ते वाचून बाईंना विचारलं, पेपर सोपा आहे का अवघड? बाईंनी दटावलं, बोलू नका, हॉलमध्ये बसलोय.

मुलगी आली. वायरींच्या जंजाळामागे बसली. दिवे मंद झाले.

उजवीकडून आवाज आला : टूं.

मुख्याध्यापिका बाईंचं उजव्या हाताचं बोट वर गेलं.

डॉक्टरांनी चमकून तिकडे पाहिलं. तोवर दुसरा 'टूं' डावीकडून आला, आणि दोन रांगांतली डावी बोटं एका झटक्यात वर गेली, आवाज विरला तशी खाली आली. तिसऱ्याला सुतारकाकांनी बाईंना गाठलं. चौथ्याला मागे टाकलं. पाचव्याला त्यांचं बोट वर गेलं तेव्हा आवाज अजून व्हायचा होता.

डॉक्टरांना पुढचं दिसू लागलं. मुलीला वाटणार, बापानं चेष्टा करायला माणसं आणली. ते अर्धवट उठले आणि दोन्ही तळवे खाली दाबत खुणावू लागले. पण दवाखान्यात हीच खूण 'शांत बसा, पुढचा आवाज येतोय' अशी होती. पेशंटनी माना डोलावल्या, पाठी ताठ केल्या आणि बोटं सज्ज ठेवली. बायकोनं डॉक्टरांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

मंचावर मुलीची मान वर झाली. तिनं समोर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय आहे हे डॉक्टरांना अंधारात दिसेना. तिनं उजवीकडे एक बारीक 'टिक्' सोडला. उजवी बोटं. डावीकडे. डावी बोटं. मग तिनं तो आवाज सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेला, आणि पुढच्या रांगांत बोटांची एक लाट उठून पलीकडे गेली. कागदावर काय लिहिलं होतं ते ती बहुधा विसरली. ती खेळायला लागली.

मागच्या रसिकांची तर गाळण उडाली. डोळे मिटून बसणाऱ्यांनी आजूबाजूच्या कुजबुजीनं डोळे उघडले आणि पुढचं दृश्य पाहून त्यांना वाटलं, ही नवी पद्धत आली आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही. हनुवटीवाल्यानं हनुवटी सोडून एक बोट जेमतेम कानापर्यंत उचललं, कुणी हसलंच तर कान खाजवायला बरं म्हणून. कुणी हसलं नाही. थोड्याच वेळात सगळं सभागृह बोटं वर-खाली करत होतं. समीक्षकांची मात्र पंचाईत झाली. एका हातात पेन, एका हातात कागद. शेवटी त्यांनी पेन दातांत धरलं.

आणि मग शेवटचा भाग आला.

एक खोल हुंकार जमिनीतून निघाल्यासारखा आला, विरला, आणि सगळं थांबलं. निखळ शांतता. मुलीचे हात बटणांवर अलगद होते. पुढच्या रांगांतली सगळी बोटं, डावी-उजवी दोन्ही, वर होती आणि वरच राहिली. मुख्याध्यापिका बाईंचे डोळे पाणावल्यासारखे दिसले. सुतारकाकांनी श्वास रोखला होता. डॉक्टर बघत राहिले. जन्मभर त्यांनी माणसांना आवाजासाठी बोट वर करताना पाहिलं होतं. शांततेला असा मान देताना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना वाटलं, एवढा वेळ जो कलकलाट केला तो या शांततेपर्यंत पोचायलाच. माझ्या पोरीनं हे केलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि बायकोनं ते पाहिलंय हे कळताच ते बूट पाहू लागले.

मान वर केली तेव्हा टाळ्या चालू होत्या. सभागृहाचे व्यवस्थापक दारातच पुढच्या वर्षीच्या तारखा सांगत होते. समीक्षकांनी मुलीला गाठून 'श्रोता हेच वाद्य' असं काहीसं म्हटलं आणि ते विसरायच्या आत लिहून काढायला निघून गेले. गर्दी ओसरल्यावर ती वायरी गुंडाळत बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"हं. एक गोष्ट."

डॉक्टरांनी आठवडाभर तीन वाक्यं घोकली होती. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही.

"शेवटची शांतता," ते म्हणाले. "त्या हुंकारानंतरची. मला तिथे रडू आलं. विचार आईला."

मुलीनं आधी त्यांच्या कानांकडे पाहिलं. कान लाल नव्हते. मग ती नुसतीच पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू येत होतं की आणखी काही, हे डॉक्टरांना कळेना. तिनं वायरीचं वेटोळं खाली ठेवलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात सुतारकाका गर्दीतून वाट काढत आले.

"डॉक्टर, पास ना मी? तो शेवटचा बारीक आवाज, तो लांबलचक, मला अगदी स्पष्ट आला. दोन्ही कानांत. बाईंना विचारा, त्यांच्या आधी बोट वर केलंय मी."

डॉक्टर म्हणाले, कुठला आवाज? सुतारकाका हसले. त्यांना वाटलं, डॉक्टर तोंडी परीक्षाही घेतायत. त्यांनी ओठांचा चंबू करून तो आवाज काढूनही दाखवला. आईनं तो ओळखला. आमच्या धुलाईयंत्राचा आहे, म्हणाली. मुलगी म्हणाली, हो गं, तिथूनच घेतलाय, जरा ताणलाय एवढंच. अख्खा शेवट त्याच्यावरच बांधलाय.

आईनं मुलीकडे पाहिलं, मुलीनं आईकडे.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "उद्या दवाखाना उघडायच्या आधी मी येते."

सोमवारी सकाळी डॉक्टर पहिल्यांदाच पेटीच्या आतल्या बाजूला बसले. खुर्चीत अवघडल्यासारखं होतं ही पेशंटची तक्रार खरी आहे, असं त्यांच्या ध्यानात आलं. मुलगी बाहेर बटणांसमोर बसली. हे यंत्र कसं चालवायचं ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टरांनी हेडफोन चढवले, पाठ ताठ केली, दोन्ही बोटं गुडघ्यांवर सज्ज ठेवली आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग काचेवर टकटक करून त्यांनी खुणेनं सांगितलं, मी तयार आहे, कर सुरू.

तिनं केव्हाच सुरू केलं होतं.