बराबर निम्मी डाळ

बदनापूर स्टेशनावर रामकिसननं तुरीच्या डाळीचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. "मास्तर, दोघींत बराबर निम्मी वाटा. तुमच्या नातीनं आमच्या केशरचं दूध पेलंय. मंग ती आमचीबी नातच की!"

हे तो चार माणसांत मोठ्यानं सांगायचा. चहा मात्र आमच्या घरी त्यानं कधी घेतला नाही. आम्ही बौद्ध ना.

माझी लेक बेबीनंदा आणि त्याची लेक केशर, दोघींचे नवरे कोयनेच्या धरणावर कामाला. सदुसष्टच्या भूकंपात बेबीचा पाय भिंतीखाली सापडला. तेव्हा तान्ह्या प्रभाला केशरनंच आपल्या लेकराबरोबर पाजलं. पुढं तीन वर्षं पत्र्याच्या शेडात दोघींची चूल एकच. बेबी अजून लंगडते, आणि प्रभा सदा केशरमायच्या मागं. नव्या घरांत तिचाच शेजार मिळावा, एवढंच बेबीचं मागणं होतं.

कोयनेला पोचलो. गाव पुन्हा उभं राहत होतं. विटांचे ढीग, ओलं सिमेंट, नवी कौलं. बघून बरं वाटलं. बेबीचं घर मात्र नाल्याच्या पल्याड निघालं.

"लोकांनीच आपापल्या आळ्या मागून घेतल्या, बाबा."

"आन् केशरनं?"

"तिनंबी."

कुत्र्याचं शेपूट तीन वर्षं नळीत होतं. काढलं, तर वाकडं ते वाकडंच.

दुसऱ्या दिवशी केशरकडं वास्तुशांत होती. आम्हाला अंगणात बसवलं. प्रभा शेडातल्या सवयीनं सरळ चुलीपाशी पळाली. केशरनं तिला दंडाला धरून बाहेर आणलं आणि पायरीवर बसवलं. "हितं बस माय. आत देव मांडलेत."

पोरगी रडली नाही. आपलं काय चुकलं, ते शोधत बसली.

मग मी आणलेलं गाठोडं सोडून केशरनं डाळ वाटून दिली. बेबीच्या पातेल्याला हात न लावता, वरून ओतली. बराबर निम्मी.

परतताना बेबी म्हणाली, "ती वाईट न्हाई, बाबा. शेडात देव नव्हते ना. ढिगाऱ्यात गेल्ते."

"मंग तिथंच बरे होते," मी म्हणालो.

संध्याकाळी भांडी खडखडली. तिकडं अधूनमधून धक्के बसतातच. नाल्याच्या दोन्ही बाजूंची माणसं मैदानात धावली. केशर "प्रभे, प्रभे" करत आली. तिनं पोरीला उचललं, छातीशी धरलं, पदरात गुंडाळलं. देव घरातच राहिले होते. प्रभा तिच्या गळ्यात हात टाकून खुदुखुदु हसत होती.

जमीन थांबली. माणसं आपापल्या आळीला वळली. केशरनं प्रभाला खाली ठेवलं, पदर झटकला आणि मागं न बघता गेली.

प्रभानं माझं धोतर ओढलं. "आजोबा, आता पुन्हा कवा हालंल?"

मी तिला कडेवर घेऊन नाल्याकडं वळलो.

बदनापूरला उतरलो, तर रामकिसन फाटकापाशी उभा. लेकीच्या काळजीनं चेहरा उतरलेला.

"मास्तर, डाळ पोचली ना? बराबर निम्मी?"

"बराबर निम्मी."

"आन् जमीन? अजून हालती का हो तिकडं?"

"हालती, रामकिसनराव," मी म्हणालो. "पर तेवढं पुरत न्हाई."