कोर्टाच्या कुलपातली शिलाई मशीन

मित्रांनो, मी पांढुर्ण्याची एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालणारी. देवकाबाईंनी मला नागपूरहून बसच्या टपावर घालून आणलं. त्यांचे यजमान लवकर वारले होते, मूलबाळ नव्हतं. शेजारची इंदू लहानपणीच आईवेगळी झाली, तेव्हा बाईंनीच तिला जेवू घातलं आणि माझ्यापुढे बसवून शिवण शिकवलं. पुढे बाईंची नजर अधू झाली आणि घर इंदूच्याच शिवणावर चालू लागलं. पोळा-दिवाळीच्या तोंडावर मला उसंत नसे. मला ते आवडायचं.

"माह्या मागं ही मशीन तुहीच व," असं बाई इंदूला म्हणत. पण तेव्हा घरात आम्ही तिघीच असायचो, आणि माझी साक्ष कोण घेणार?

१९८३च्या उन्हाळ्यात देवकाबाई गेल्या. त्यांच्या दिराचा मुलगा विनायक मोहगावला राहायचा. शेजारची पोर सामान उचलून नेईल, असं कोणीतरी त्याच्या कानात भरवलं. त्याने कोर्टात अर्ज केला. वारस ठरेपर्यंत मेलेल्या माणसाची चीजवस्तू कोर्टाने सांभाळावी, असा इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे. त्या कायद्याने कोर्टाचा माणूस घराला कुलूप लावायला आला.

माझ्या सुईखाली तेव्हा नलिनी नावाच्या मुलीच्या लग्नाचं ब्लाउज अर्धवट होतं.

"साहेब, हे दुसऱ्याचं कापड आहे," इंदू म्हणाली. "एवढं तरी काढू द्या."

माणूस वाईट नव्हता. आतलं काहीच हलवता येत नाही, असं तो खाली बघत म्हणाला. मग दार ओढलं गेलं आणि कुलपावर कोर्टाच्या शिक्क्याची गरम लाख पडली.

मित्रांनो, मला सांभाळून ठेवलं होतं म्हणे! छपराच्या फुटक्या कवेलूतून पावसाचं पाणी माझ्या चाकावर ठिबकायचं. तेल सुकलं. उंदरांनी माझा चामड्याचा पट्टा खाल्ला. नलिनीची वरात दारावरून गेली, मी आतून नुसती वाजंत्री ऐकली. इंदू आता संत्र्याच्या बागेत तोडणीला जायची. संध्याकाळी परतताना ती दाराला हात लावून उभी राहायची. मला तिची सावली फटीतून दिसायची. ओरडावंसं वाटे, पण माझा आवाज तिच्या पायात होता.

तारखा पडत राहिल्या. मशीन बाईंनी आपल्याला दिली होती, असं इंदूने कोर्टात सांगितलं, पण साक्षीदार कोणी नव्हता. एकमेकांशी बोलायचं नाही, असं दोन्ही वकिलांनी बजावलं होतं. विनायक आणि इंदू कोर्टाच्या ओट्यावर तोंड फिरवून बसत.

काही वर्षांनी निकाल लागला. कायद्याने वारस विनायकच होता. त्याने स्वतः दार उघडलं. माझं गंजलेलं चाक फिरवून पाहिलं, ते हललं नाही. मग शेजारच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या इंदूकडे वळला. "काकूनं मशीन तुले देली होती, तं मले आधीच सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही विचारलं काऊन नाही, भाऊ?" इंदू म्हणाली. "मी तं इथंच होती."

विनायकने माझी एक बाजू धरली, इंदूने दुसरी धरली, आणि दोघांनी मला तिच्या घरात नेऊन ठेवलं.

नवा पट्टा आला, गंज घासला गेला. तरी पूर्वीसारखी मी चालत नाही. जाड कापड आलं की अडते.

तेव्हा मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस "हे तुझं" म्हणालं, तर त्याला चार लोकांसमोर म्हणायला लावा. आणि उद्या तुम्हीच वारस झालात, तर कोर्टाची पायरी चढण्याआधी शेजारचं दार वाजवा.