इथपासून तिथपर्यंत

सकाळी पूरसूचना कक्षातला फोन वाजला तेव्हा ताईने अजून खांद्यावरची पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती.

"ताई, उतरू का?"

हा तिचा धाकटा भाऊ. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून घरात त्याचं नाव ढब्बू पडलं, आणि पुढे तो काठीसारखा वाढला तरी नाव काही सुटलं नाही. नदीवरच्या पुलाच्या खांबांची दुरुस्ती त्याच्या देखरेखीखाली चालली होती. काम थेट पात्रात, खांबांच्या तळाशी. उतरायची परवानगी त्याला रोज कागदावर मिळायची, सहीशिक्क्यासकट. पण ढब्बूचा शिक्क्यापेक्षा बहिणीवर भरवसा जास्त. माणसं खाली सोडण्याआधी तो तिला फोन करायचा, ती समोरच्या स्क्रीनवर पाण्याची पातळी बघायची, आणि तिने "उतर" म्हटलं की मगच शिडीवर पहिला पाय पडायचा.

ताईने स्क्रीनकडे नजर टाकली. शेवटची ओळ होती, 'वरचं ठाणं, पातळी नेहमीची.' कोपऱ्यात घड्याळ पुढे सरकत होतं.

"उतर," ती म्हणाली. "खुशाल उतर. आणि ऐक, आजपासून ही ओळ माझ्या प्रोग्रॅममधून येते हं."

"अरे वा! म्हणजे आता पाणीसुद्धा तुला विचारून वाढणार?"

"फाजीलपणा पुरे. फोन जवळ ठेव."

"फोन काठावरच्या शेडमध्येच ठेवतो मी. मागचा पाण्यात पडला तेव्हा कोण कडाडलं होतं माझ्यावर?" असं म्हणून त्याने फोन ठेवलासुद्धा.

आता ताई एवढी खुशीत का होती, ते सांगायला हवं. डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला, पाणी मोजायचं ठाणं होतं, तिथून या कक्षात दिवसभर ओळी येत असत. पाणी किती, पाऊस किती, यंत्र ठीक की बिघडलेलं. ओळींचा हा ओघ मधल्या एका प्रोग्रॅममधून जायचा. तो एकेक ओळ घ्यायचा, नको ती गाळायचा, वेडीवाकडी आलेली सरळ करायचा आणि पुढे सोडायचा. पुढे म्हणजे दोन ठिकाणी, एक स्क्रीन आणि दुसरा पुलाजवळचा भोंगा. पातळी लाल खुणेवर गेल्याची ओळ आली की भोंगा आपोआप वाजे. काय गाळायचं आणि काय सुधारायचं, त्याच्या आज्ञा एका फाइलीत लिहिलेल्या होत्या. या आज्ञांचा कारभार भलताच कंजूष. एक पत्ता, म्हणजे ओळ ओळखायची खूण, मग स्वल्पविराम, दुसरा पत्ता आणि शेवटी एकच अक्षर. अर्थ एवढाच की इथपासून तिथपर्यंत गाळ.

जुना प्रोग्रॅम कुणा निवृत्त झालेल्या गृहस्थांनी लिहिला होता, आणि तो ज्या कॉम्प्युटरवर चालायचा तो आता शेवटच्या घटका मोजत होता. कक्षाचे साहेब म्हणायचे, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" ताईने हात लावला. आज्ञांची जुनी फाइल तिने जशीच्या तशी ठेवली आणि ती वाचणारा नवा पार्सर लिहिला. पार्सर म्हणजे आज्ञा अक्षर अक्षर वाचून तिची फोड करणारा भाग. हा पत्ता, हा स्वल्पविराम, ही आज्ञा, आणि इथे काहीतरी घोळ आहे बरं का, हे सगळं त्याने सांगायचं. काम मोठं किचकट. कंस उघडला आणि मिटलाच नाही तर? पत्त्याच्या पोटातच स्वल्पविराम निघाला तर? त्या दिवसांत ती जेवता जेवता टेबलावर बोटाने कंस काढत बसायची, आणि आईने चौथ्यांदा हाक मारली की "काय?" म्हणून विचारायची. पार्सर पुरा झाला तेव्हा ती त्याच्या नाकावर माशी बसू देईना. आज तो पहिल्यांदा खऱ्या ओघावर बसवला होता.

"कशी आहे नवी सून?" साहेबांनी आत येता येता विचारलं.

"अगदी शांत आहे, साहेब."

"पहिल्या दिवशी सगळ्याच शांत असतात," साहेब म्हणाले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

चहा झाला. ताईने बाटली भरून आणली, दोन ईमेल लिहिल्या, एकीकडे स्क्रीनवर लक्ष होतंच. ओळ तीच होती. पातळी नेहमीची. पाणी स्थिर असलं तरी वरच्या ठाण्यावर यंत्र सांभाळणारे काका मधूनमधून एखादी ओळ पाठवतच असत, तसा नियमच होता. ती पुन्हा बघत राहिली. घड्याळ पुढे जात होतं आणि ओळ जागची हलत नव्हती.

"साहेब, वरच्या ठाण्याची नवीन ओळच नाही आली."

"वायर तुटली असेल. डोंगरात पाऊस झोडपायला लागला की तुटतेच ती."

"पाऊस आहे वर?"

"मग ते काय दिसतंय?"

खिडकीतून डोंगर दिसायचे, ते आज दिसत नव्हते. तिथे नुसता काळा पडदा होता.

वायर शाबूत आहे की नाही, हे कळायची सोय होती. कोपऱ्यात एक लोखंडी पेटी होती, तिच्यावर एक हिरवा दिवा. बाहेरून ओळ आली की तो एकदा लुकलुकायचा. ताई उठून पेटीपाशी गेली आणि उभी राहिली. दिवा लुकलुकला. तिने वळून स्क्रीनकडे पाहिलं. पातळी नेहमीची. दिवा पुन्हा लुकलुकला, लगेच पुन्हा.

म्हणजे वायर धडधाकट होती. ओळी आत येत होत्या आणि बाहेर पडत नव्हत्या, आणि मध्ये तिच्या प्रोग्रॅमशिवाय दुसरं कुणीच नव्हतं.

ती धावतच टेबलाशी आली. प्रोग्रॅममध्ये शिरण्याआधीच्या कच्च्या ओळी पाहता येत असत. त्या उघडायला तिला तीनदा टाइप करावं लागलं. मग ओळी दिसल्या.

वरचं ठाणं, पातळी वाढती. वरचं ठाणं, पातळी पिवळ्या खुणेवर. वरचं ठाणं, पातळी लाल खुणेवर. वरचं ठाणं, लाल खुणेच्या वर. आणि अगदी शेवटी, काकांनी स्वतःच्या हाताने टाइप केलेली एक ओळ, 'कुणी आहे का तिकडे?'

ताई वर वर सरकत गेली आणि ज्या ओळीपासून हे सुरू झालं होतं तिथे थांबली. सकाळची ओळ होती, ढब्बूच्या फोनच्याही आधीची. 'चाचणी सुरू चाचणी संपली.'

काका रोज सकाळी यंत्र साफ करत. त्या वेळी यंत्र वाटेल ते आकडे फेकायचं. म्हणून त्यांनी आधी 'चाचणी सुरू' अशी ओळ पाठवायची, काम झालं की 'चाचणी संपली' अशी पाठवायची, आणि मधलं सगळं प्रोग्रॅमने गाळायचं, असा रिवाज होता. काकांना दोनदा टाइप करायचा कंटाळा. ते यंत्र बंद करूनच फडकं मारायचे आणि मागाहून दोन्ही शब्द एकाच ओळीत ढकलून द्यायचे. जुना प्रोग्रॅम 'सुरू' सापडलेल्या ओळीतच 'संपली'ही शोधायचा. ताईचा पार्सर मात्र आज्ञेची फोड करताना दुसऱ्या पत्त्यापुढे, म्हणजे 'संपली'पुढे, लिहून ठेवायचा, हा पुढच्या ओळीपासून शोध. पुस्तकात तसंच होतं, या जातीचे चांगले चांगले प्रोग्रॅम तसंच करतात, आणि तिने डोळ्यांत तेल घालून पुस्तक पाळलं होतं. जुन्या नोंदींवर तपासूनही पाहिलं होतं. पण त्या नोंदी काका रजेवर असतानाच्या निघाल्या, आणि त्यांच्या बदलीवरचा माणूस शिस्तीचा होता. 'संपली' येऊन गेली होती, आणि ताईचा प्रोग्रॅम सकाळपासून ती यायची वाट बघत एकूण एक ओळ इमानेइतबारे गाळत बसला होता.

वरच्या ठाण्यापासून पुलापर्यंत पाणी यायला जेवणाच्या सुट्टीएवढा वेळ लागतो. लाल खुणेची ओळ येऊन त्यातला बराच वेळ सरला होता. तिने ढब्बूचा शेडमध्ये ठेवलेला फोन लावला. रिंग वाजत राहिली. काकांचा लावला तर तो लागेचना.

"साहेब, भोंग्याची किल्ली द्या."

भोंगा हाताने वाजवायचं बटण भिंतीवरच्या काचेच्या पेटीत होतं, आणि पेटीची किल्ली साहेबांच्या जुडग्यात.

"काय झालं?"

"लाल खूण ओलांडलीय. केव्हाच."

साहेब उठून तिच्या मागे आले. "इथे तर नेहमीची दिसतेय."

"तो स्क्रीन नका बघू. हे बघा, हे खरं आहे."

साहेबांनी कच्च्या ओळी वाचल्या. "हे खरं कशावरून? यंत्र साफ करताना असेच आकडे येतात. मागे खोटा भोंगा वाजला तेव्हा धावपळीत एक जण शिडीवरून पडून जायबंदी झाला, चौकशीत मी उभा होतो. आधी काकांशी बोल."

"काकांचा फोन लागत नाहीये."

"मग थोडं थांबू."

समजावून सांगायचं तर पत्ते, स्वल्पविराम, पुढची ओळ, सगळं सांगावं लागलं असतं. तेवढा वेळ पाण्याने दिला नसता.

"साहेब, माझं चुकलंय," ताई म्हणाली. "माझा पार्सर चुकलाय. सकाळपासून सगळ्या ओळी मीच गाळतेय. माझा भाऊ खाली आहे हो. मी त्याला उतर म्हणाले."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "तरी मी म्हणत होतो" असं म्हणायचा त्यांचा हक्क होता, पण ते बोलले नाहीत. खिशातून जुडगा काढला, एक किल्ली लावली, ती बसेना, दुसरी लावली, तीही बसेना. ताईला वाटलं आता काच फोडावी. तेवढ्यात तिसरी किल्ली फिरली आणि साहेबांनी तळहाताने बटण दाबलं.

भोंगा लांबून ऐकू आला. ताईने शेडचा फोन पुन्हा लावला. वाजून वाजून बंद पडला की परत लावायचा. "उचल रे ढब्बू," ती पुटपुटत होती, "उचल ना." दुसऱ्या हाताने तिने आपला प्रोग्रॅम बंद केला आणि कच्च्या ओळी सरळ स्क्रीनवर सोडल्या. लाल खुणेच्या वर. लाल खुणेच्या वर. साहेब तिच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते आणि त्यांचाही जीव टांगणीला लागला होता.

मग कुणीतरी फोन उचलला. आधी नुसत्या धापा ऐकू आल्या.

"ताई! आलो. सगळे वर आलो. शेवटी मी होतो, खालच्या पायऱ्या पाण्यातूनच चढलो. वेल्डिंगचं मशीन गेलं वाहून. गेलं तर गेलं."

ताईने वळून साहेबांना खूण केली, सगळे वर आलेत.

"ऐकतेयस ना? काय प्रोग्रॅम लिहिलायस गं! पहिल्याच दिवशी माणसं वाचवलीस. मी सगळ्यांना सांगितलं, भोंगा माझ्या बहिणीचा आहे म्हणून. हे बघ, सगळे थँक्यू म्हणताहेत तुला." आणि मागून खरंच दहाबारा आवाज एकदम आले.

तिने फोन ठेवला, बाथरूममध्ये गेली आणि ओकली.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती तिने त्याच दुपारी केली. शिवाय स्क्रीनवरच्या प्रत्येक ओळीपुढे ती किती शिळी आहे ते दिसेल अशी सोय केली. काकांचा फोन संध्याकाळी लागला. सगळं ऐकल्यावर ते बिचारे ओशाळून म्हणाले, "मी दोन ओळींत पाठवत जाईन गं पोरी, इथून पुढे."

"नको, काका," ती म्हणाली. "तुम्ही पाठवता तसंच पाठवत जा."

घरी ढब्बू आईला बहिणीचं कौतुक रंगवून सांगत होता. ताई मूग गिळून जेवली.

पाणी ओसरायला काही दिवस लागले. मग एका सकाळी फोन वाजला.

"ताई, उतरू का?"

स्क्रीनवर ओळ होती, 'वरचं ठाणं, पातळी नेहमीची.' ओळ ताजी होती. तरी ताई तिची वेळ पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"ताई?"

"ढब्बू, त्या दिवशी भोंगा माझ्या प्रोग्रॅमने नाही वाजवला. त्याने तो अडवून धरला होता. मी तुला उतर म्हणाले तेव्हा ती ओळ शिळी होती, आणि मी तिची वेळसुद्धा बघितली नाही. साहेबांनी हाताने वाजवला, म्हणून तू आहेस."

पलीकडे शिडी टेकवल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली.

"घरी का नाही बोललीस?" ढब्बूने विचारलं.

"तू आईला सांगत होतास ना सगळं. माझं तोंडच उघडेना."

"हं."

"यापुढे मला विचारत जाऊ नकोस. परवानगीचा कागद येतो ना, तो बघत जा."

"तो कागद कुठून निघतो?"

"इथूनच," ताई म्हणाली. "याच स्क्रीनवरून."

"मग कुणाला विचारू, ते तरी सांग."

ताई म्हणाली, "थांब जरा." तिने दुसऱ्या फोनवर काकांना लावलं आणि खिडकीबाहेर बघून सांगायला लावलं. काका म्हणाले, आभाळ मोकळं आहे, पाणी खालच्या दगडाशी आहे. तिने ओळ पुन्हा वाचली, वेळ पाहिली, उठून पेटीवरचा हिरवा दिवा पाहिला, आणि पहिला फोन कानाला लावला.

"उतर," ती म्हणाली. "पण फोन ठेवू नकोस. शेडमध्ये कुणाला तरी कानाला लावून बसव."

"किती वेळ?"

"तू वर येईपर्यंत."

ढब्बूने फोन कुणाच्या तरी हातात दिला, आणि मग शिडीवर त्याचा पहिला पाय पडलेला तिला ऐकू आला.