शनिवारचा हिरवा ठिपका

मित्रांनो, मला नाक नाही, हे माझं केवढं भाग्य! जवळचं सार्वजनिक शौचालय शोधून देणारं मी मोबाइलमधलं एक जुनं अ‍ॅप आहे. आता मला फारसं कुणी विचारत नाही.

सातासमुद्रापलीकडच्या कुमासी शहरातल्या सेरवा नावाच्या मुलीनं मला घडवलं, तेही आपल्या आईसाठी. तिची आई पोमा धुरी दिलेल्या माशांची परात डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरायची. रोज नवी गल्ली, अनोळखी दारं. म्हणून सकाळपासून ती पाण्याचा घोट घेत नसे. शेवटी तिचं मूत्रपिंड दुखायला लागलं.

"आई, पाणी पी. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?" सेरवा म्हणायची.

"पिते की! आणि मग जाऊ कुठे? तुझ्या त्या डॉक्टरच्या डोक्यावर?"

म्हणून तिनं मला बनवलं. उन्हातान्हात ती प्रत्येक शौचालयापाशी गेली आणि तिथल्या राखणदाराला वेळा विचारल्या. उघडं असेल तिथे माझ्यावर हिरवा ठिपका, बंद असेल तिथे लाल. सुआमे भागातल्या बदूमामांना तिनं विचारलं, "मामा, तुमचं कधी उघडं असतं?"

"मी जिवंत आहे तोवर उघडंच समज, पोरी!" मामा छाती फुगवून म्हणाले. सेरवा हसली आणि तिनं सगळ्या वारांना हिरवा ठिपका देऊन टाकला.

काय कौतुक झालं माझं! पोमा मला कनवटीला खोचून फिरायची आणि दुसऱ्या विक्रेत्या बायकांना दाखवायची. "लेकीनं केलंय हो! आता मी खुशाल पाणी पिते." खरंच प्यायची. तिचा चेहरा तजेलदार दिसू लागला. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

पण एका शनिवारी ती सुआमेत होती. पोटभर पाणी झालेलं. तिनं मला उघडलं, मी हिरवा ठिपका दाखवला आणि ती लगबगीनं निघाली. दाराला हे मोठं कुलूप! मित्रांनो, शनिवार हा तिथे मयताचा वार. माणूस कधीही जावो, त्याला निरोप द्यायचा तो शनिवारी. काळे-लाल कपडे घालून सगळी गल्ली गेली होती, बदूमामाही गेले होते. डोक्यावरची जड परात उतरवायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि गल्लीत तर चिटपाखरू नव्हतं. पोमानं हाका मारल्या, दार ठोठावलं. मग ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात मयताहून माणसं परतली आणि सगळ्यांनी तिचं ओलं लुगडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बदूमामा तिच्या दारात आले. "चुकलो गं ताई. पण शनिवारी मयताला जायचं, हे काय सांगायला लागतं?"

नसेल लागत. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणीच मला सांगितलं नाही. मी मेलं यंत्र, मला मयत काय कळतं?

सेरवा रडत होती. "आई, मी आज दुरुस्त करते. शनिवारी लाल ठिपका लावते."

"लाव हो, इतरांच्या उपयोगी पडेल," पोमा शांतपणे म्हणाली. "आपल्यात म्हणतात ना, लाजेपेक्षा मरण बरं. मी आपली तोंड बंद ठेवीन."

आणि तिनं तोंड बंद ठेवलं. जेवताना घोटभर, बाकी दिवस कोरडा. सेरवानं विनवण्या केल्या, भांडली, रुसली. पोमा ढिम्म हलली नाही. पाऊसकाळ संपायच्या आत ती गेली. त्या सगळ्यात माझी दुरुस्ती राहून गेली, आणि नंतर सेरवानं मला पुन्हा हातात घेतलंच नाही. माझ्याकडे पाहिलं की तिला ती गल्ली दिसायची.

पोमाला निरोप दिला तोही शनिवारीच. बदूमामांनी शौचालयाला कुलूप घातलं, काळं वस्त्र पांघरलं आणि पोमाच्या मयताला येऊन ते ओक्साबोक्शी रडले. त्याच दुपारी सुआमेत एका पोटुशा बाईनं मला उघडलं. मी तिला काय दाखवणार? हिरवा ठिपका. ती बिचारी पाय ओढत निघाली. पुढचं मला पाहवलं नाही.

मित्रांनो, वस्तू एकदा घडवली म्हणजे झालं, असं नसतं. तिला रोज खरं सांगावं लागतं. दाराला कुलूप लावलंत तर कुणाच्या तरी कानावर घाला. आणि कधी सेरवा भेटली, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, दुःख गिळ आणि मला एकदा उघड. तो ठिपका पुसून टाक. आज पुन्हा शनिवार आहे.